पाठीवरचा डबा

हॅनोव्हरला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी घरमालकिणीशी भांडले, आणि तेही केळ्यावरून. जर्मन मला जेमतेम येत होतं, पण भांडायला जेमतेम पुरतं. साल १९६०. आमचे हे, दिनकर आगाशे, तिथल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, डॉक्टरेट करत होते आणि मी लग्नानंतर वर्षभरानं बोटीनं त्यांच्यामागून पोचले होते. जागा म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात अर्धा वाटा. मालकीण फ्राऊ हान्ने ल्युडेके. पन्नाशीच्या बऱ्याच पुढच्या, उंच, हाडापेरानं दणकट, पण गुडघे गेलेले. नवरा लढाईत रशियाकडे गेला तो परत आला नव्हता, मूलबाळ नव्हतं.

त्यांनी प्रेमानं पुढे केलेलं केळं मी अर्धं खाल्लं, अर्धं बशीत ठेवलं आणि मनात आलं ते बोलून मोकळी झाले. तुमच्याकडच्या केळ्याला नुसता रंग आहे, चव नाही. आमच्याकडे घड पेंढ्यात घालून पिकवतात, तुम्ही कशात पिकवता देव जाणे. बाई ताडकन उठल्या, खुंटीवरचा एप्रन घेऊन आल्या आणि तो माझ्या नाकाखाली धरला. त्याला पिकल्या केळ्याचा वास येत होता.

"मी पिकवते," त्या म्हणाल्या.

घाऊक बाजाराजवळच्या केळी पिकवायच्या वखारीत बाई लढाईच्या आधीपासून कामाला होत्या. हाम्बुर्गहून रेल्वेनं हिरवे घड यायचे, ते आकड्यांना टांगायचे, खोल्या गरम ठेवायच्या, ओलावा सांभाळायचा, आणि घड पिवळे व्हायला लागले की योग्य वेळी बाहेर काढायचे. लढाईच्या वर्षांत वखार रिकामी पडली तेव्हा तिथे बटाटे ठेवत, आणि बाई बटाटे सांभाळत. सगळी नोकरी उभ्यानं झालेली, ओल्या सिमेंटवर, म्हणून गुडघे तसे. त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकींशी फक्त 'गुड मॉर्निंग'पुरतं बोललो. मी काही माफी मागितली नाही. केळं बेचवच होतं.

पण एका स्वयंपाकघरात दोन बायका किती दिवस गप्प बसणार? माझ्या फोडणीच्या वासाची चौकशी करता करता बाई बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्या की थांबत नसत. त्यांची एकच इच्छा होती. हाम्बुर्गहून केळ्यांबरोबर येणाऱ्या एका माणसानं कधीकाळी त्यांना सांगितलं होतं, की ही केळी कॅरिबियन समुद्राच्या काठानं येतात, सांता मार्ता नावाच्या बंदरातून. त्या बंदराच्या पलीकडे डोंगर ओलांडला की कोळ्यांचं एक लहानसं गाव आहे, तिथे पाणी न्हाणीघरातल्यासारखं ऊन असतं आणि माणसं त्या पाण्यावर उताणी पडून राहतात. काही करत नाहीत, नुसती पडून राहतात. गावाचं नाव बाई दर वेळी वेगळंच उच्चारायच्या. पण तिथे जायचं आणि पाठीखाली काहीही नसताना पडून राहायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. केळ्यांच्या बोटी थोडेथोडके प्रवासीही नेत. त्यासाठी त्यांनी पैसे साठवले होते आणि लांबलचक रजा लागेल असं वखारीच्या साहेबाला कळवूनही टाकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, एवढं कशाला, बाड पिर्मोंटला जा. तिथे गुडघ्यांसाठी कूर असते, म्हणजे औषधी पाण्याचे आणि चिखलाचे उपचार, आणि खर्च क्रांकेनकासे, म्हणजे आजारपणाचा विमा, देते. बाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की तिथे केव्हा उठायचं, केव्हा चिखलात बसायचं आणि केव्हा आडवं व्हायचं हे घंटा वाजवून सांगतात. घंटेवर उठणं-बसणं वखारीत आयुष्यभर केलं, असं म्हणून त्यांनी तो कागद परत दिला.

खरी आडकाठी होती ती त्यांच्या थोरल्या बहिणीची. ट्रूडे. ही बाई त्सेलेला राहायची आणि दर रविवारी केक घेऊन यायची. केक चांगला असायचा, बाकी काही चांगलं नसायचं. तिचं म्हणणं, हान्नेनं आता ही जागा सोडावी आणि तिच्याकडे मागच्या खोलीत येऊन राहावं. ती खोली मी एकदा पाहिली होती. तिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती. ट्रूडे काही वाईट नव्हती. पण दुसऱ्याचं भलं कशात आहे हे ज्यांना नेहमी माहीत असतं, अशांपैकी ती होती. समुद्राचा विषय निघाला की ती हसायची आणि म्हणायची, तुला पोहता तरी येतं का? लहानपणी तू टबातसुद्धा रडायचीस.

ते खरं होतं. बाईंना पोहता येत नव्हतं. ट्रूडेनं एका रविवारी सगळ्यांदेखत एक पैजच लावली: पोहून आलीस तर मी पुन्हा त्या खोलीचं नाव काढणार नाही, नाही पोहलीस तर परत आल्यावर सामान बांधायचं. बाईंनी केकचा तुकडा खाऊन संपवला, तोंड पुसलं आणि "गेनाऊ" म्हणाल्या. म्हणजे बरोबर. पैज ठरली.

त्यानंतरचा हिवाळा मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी पोहण्याचं एक सचित्र पुस्तक आणलं. त्यात कोरड्यात पोहायला शिकायची पद्धत होती. स्वयंपाकघरातलं स्टूल मधोमध ओढून त्यावर पोट टेकायचं, आणि एक, दोन, तीन म्हणत बेडकासारखे हातपाय मारायचे. रोज कामावरून आल्या की एप्रन काढून बाई स्टुलावर. मी एकीकडे पोळ्या लाटायची आणि दुसरीकडे मालकीण हवेत पोहायची. तोंडानं चालूच: आइन्स, त्स्वाय, द्राय. हात कुठे वळतो, तळवा कुठे, श्वास केव्हा, सगळं पुस्तकाबरहुकूम. मार्चपर्यंत बाई स्टुलावर इतक्या सुरेख पोहायला लागल्या की हे मला म्हणाले, "सरला, ही बाई स्टूल घेऊन ऱ्हाईन पार करेल."

मला हसू यायचं आणि रागही. मी माहुलीची. कृष्णेच्या घाटावर आमच्या काकांनी आम्हा पोरींच्या पाठीला सुका भोपळा बांधला आणि पायरीवरून ढकलून दिलं. पुस्तक नाही, स्टूल नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं, एवढंच आमचं शास्त्र. मी बाईंना ते हरप्रकारे सांगितलं. त्यांना ते रानटी वाटलं. शिकल्याशिवाय पाण्यात उतरायचं, म्हणजे परीक्षेच्या दिवशी अभ्यास करायचा?

जूनमध्ये आम्ही माशझे तळ्यावरच्या श्ट्रांडबाडला गेलो, म्हणजे तिथल्या पोहायच्या किनाऱ्यावर. बाई छातीभर पाण्यात गेल्या, पुस्तकातल्यासारखा श्वास घेतला, "आइन्स" म्हणाल्या आणि 'त्स्वाय'च्या आधी दगडासारख्या खाली गेल्या. मी साडी आवरून धावले आणि त्यांना दंडाला धरून वर काढलं. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, की तुमच्या काकांचा तो भोपळा कुठे मिळतो?

हॅनोव्हरमध्ये भोपळा कुठला मिळायला! पण आमच्याकडे भोपळा नसला की पत्र्याचा डबा बांधतात. मी ह्यांना गळ घातली.

"अहो, बाजारातला खारवलेल्या काकड्यांचा रिकामा मोठा डबा आहे, तो इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमधून डाख देऊन घट्ट बंद करून आणता का?"

"आणि प्रोफेसरनं विचारलं, हा कुठला प्रोजेक्ट, तर?"

"सांगा, फ्लोटिंग बॉडीवर एक्सपेरिमेंट चाललाय. खोटं आहे का काही?"

डबा आला. मी तो जाड सुतळीनं बाईंच्या पाठीला बांधला आणि स्वतः मंगळागौरीची नऊवारी काष्टा घालून पाण्यात उतरले, कारण पोहण्याचा पोशाख घालायचा माझा धीर अजून झाला नव्हता. किनाऱ्यावरचा बाडेमाइस्टर, म्हणजे पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस, शिट्टी तोंडात धरून आला. त्यानं माझ्या काष्ट्याकडे पाहिलं, बाईंच्या डब्याकडे पाहिलं, मग जाऊन नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. पाटीवर काष्टाही नव्हता आणि डबाही नव्हता. तो गुपचूप खुर्चीवर जाऊन बसला. तो सबंध उन्हाळा आमच्याकडे बघून लोक हसले. बाईंनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. शेंडी तुटो की पारंबी, असा सगळा मामला होता.

डब्यासकट बाई झकास पोहायच्या. हिवाळ्यातलं स्टूल तिथे कामाला आलं, हे मलाही कबूल करावं लागलं. पण डबा सोडला की त्यांचं अंग ताठ व्हायचं आणि त्या खाली जायच्या. मला त्याहून मोठी काळजी होती, ती मी बोलून दाखवत नव्हते. पाठीवर डबा असला की उताणं पडता येत नाही. पालथंच राहावं लागतं, तळाकडे बघत. आणि बाईंना तर आकाशाकडे बघायचं होतं. सप्टेंबरात पाणी गार झालं, श्ट्रांडबाड बंद झालं, आणि डबा पाठीवरच राहिला.

जानेवारीत बाई निघाल्या. हाम्बुर्गला पोचवायला मी आणि हे दोघं गेलो होतो. ह्यांनी आपला कॅमेरा दिला, शिवाय रंगीत स्लाइडची फिल्म. बोटीवर चढताना बाईंच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात सुतळी गुंडाळलेला तो डबा. खलाशानं विचारलं यात काय आहे, तर म्हणाल्या, काही नाही. ते खरंच होतं.

फेब्रुवारी संपता संपता त्या परत आल्या. रंग तांब्यासारखा, चालीत घाई नाही, हातात डबा नाही. मी विचारत राहिले, पण त्या म्हणाल्या, सगळं डिया-आबेंडला. तिकडची ही रीतच होती. कोणी सुटीवरून आलं, की एका संध्याकाळी नातेवाईक आणि शेजारी बोलवायचे, पडदा लावायचा आणि स्लाइड दाखवायच्या. शनिवार ठरला, निमंत्रणं गेली, शेजाऱ्यांचा प्रोजेक्टर आला.

शनिवारी दुपारी धुवायला दिलेली फिल्म आली. सबंध पट्टी काळीकुट्ट होती. एकही चित्र नाही. हे ती उजेडाकडे धरून बघत बसले आणि मग हळूच विचारलं, की फिल्म घालताना टोक चाकात किती अडकवलं होतं. बाईंनी बोटाचं टोक दाखवलं. तिथल्या काटकसरी लोकांना ही सवयच होती: टोक कमी गुंतवलं तर छत्तिसाच्या फिल्मवर सदतिसावा फोटो मिळतो. बाईंनी ते इतकं कमी गुंतवलं की फिल्म पुढे सरकलीच नाही. एका फोटोच्या हावेनं सगळेच गेले. मला तर रडू आलं. मी म्हटलं, लोकांना निरोप पाठवते, आज राहू दे. बाई म्हणाल्या, बोलावलेल्या माणसांना परत पाठवत नाहीत. आणि बिस्किटं बशीत मांडायला लागल्या.

संध्याकाळी सगळे जमले. ट्रूडे पहिल्या खुर्चीवर. बाईंनी दिवे मालवले, प्रोजेक्टर लावला आणि पडद्यावर नुसता पांढरा चौकोन उमटला. फिल्म बिघडली, त्यांनी सांगितलं, पण जागा हीच आहे. मग विणायची लांब सुई घेऊन त्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्या पांढऱ्या चौकोनावर दाखवू लागल्या. हा डावीकडे डोंगर, तपकिरी, निवडुंगाचा. ही खाली खाडी. या होड्या. हे आसुन्सियोन नावाच्या बाईचं घर, जिथे मी उतरले. हा अंगणातला झोपाळा, दोऱ्यांच्या जाळ्याचा.

पहिल्या दिवशी त्या पहाटे उठल्या, आणि काही सुचेना म्हणून ते सगळं अंगण झाडून काढलं. आसुन्सियोननं झाडू काढून घेतला आणि झोपाळ्याकडे बोट दाखवलं. झोपाळ्यात पडणं हे काम त्यांना झाडण्यापेक्षा अवघड गेलं. पाय कुठे ठेवायचे कळेना, हात रिकामे कसे ठेवायचे कळेना. दुपार झाली आणि सबंध गाव गप्प झालं. आमच्या जिन्यात दुपारच्या शांततेची केवढी पाटी लावलेली होती. तिथे पाटी नाही, काही नाही, कुत्रीसुद्धा सावलीला आडवी. दुसऱ्या दिवशी बाई झोपाळ्यात झोपल्या त्या उन्हं उतरेपर्यंत. बोट पुढचं कार्तागेना बंदर करून परत येईपर्यंतचे ते मोजके दिवस, पण त्यांतला एकेक दिवस वखारीतल्या महिन्याएवढा मोठा होता, असं त्या म्हणाल्या. सकाळी कोळी यायचे, मासे उतरायचे, कोणी कोणाला घाई करायचं नाही. संध्याकाळी लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे आणि बाईंनाही एक खुर्ची मिळायची. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, कोणाला जर्मन येत नव्हतं, म्हणून बोलायचीही दगदग नव्हती.

जेवायला हिरवी केळी चेचून तळलेली. मी आयुष्यभर जी पिकवली, ती हे लोक हिरवीच खातात, म्हणून बाई थक्क झाल्या होत्या. आणि मग झाडावर पिकलेलं एक केळं त्यांना कोणी दिलं. इथे त्या थांबल्या. काळोखात माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "फ्राऊ आगाशे, तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी उगीचच बिस्किट खाल्लं.

शेवटचं चित्र पाण्याचं होतं. रोज त्या डबा बांधून पोहायच्या आणि गाव काठावर बसून बघायचं. निघायच्या आदल्या दिवशी आसुन्सियोन, अंगानं चांगली ऐसपैस बाई, कपड्यांसकट पाण्यात आली. काही न विचारता तिनं सुतळी सोडली, डबा काठावर भिरकावला, बाईंच्या मानेखाली हात घालून त्यांना उताणं केलं, आणि काही वेळानं हात काढून घेतला. पाणी कानांवर आलं आणि आवाज बंद झाले. वर मोठमोठे पक्षी चालले होते. "पाठीखाली काहीच नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि विणायची सुई त्या पांढऱ्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर टेकवून उभ्या राहिल्या. डबा आसुन्सियोननं ठेवून घेतला. तोंड कापून ती त्यात तांदूळ भरणार होती.

दिवे लागले. ट्रूडे अगदी मऊ आवाजात म्हणाली, आणि तो मऊपणाच मला झोंबला, "हान्ने, फोटो नाही, डबा नाही. तू तिकडे गेलीस हे मी मानते. पण आता तू दमली आहेस. तुला विश्रांतीची गरज आहे."

"आल्झो," बाई म्हणाल्या, "मी तीच शिकून आले आहे. श्ट्रांडबाड उघडेल त्या दिवशी ये. टॉवेल घेऊन ये."

ते मे महिन्यात उघडलं. आकाश राखी रंगाचं, वारा बोचरा, तळ्यात एक बदक सोडलं तर कोणी नाही. बाडेमाइस्टर लोकरीच्या टोपीत. ट्रूडे कोट, हातमोजे आणि भलामोठा टॉवेल घेऊन उभी. ह्यांनी कोणी न सांगता नवा डबा डाख देऊन आणला होता, सेफ्टीसाठी म्हणून. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. ऊन समुद्रात खारं पाणी माणसाला उचलून धरतं. हे गोडं आणि बर्फासारखं. मी काष्टा घालून तयारच होते. मी सुतळी पुढे केली तर बाईंनी ती माझ्याच हातात परत दिली.

त्या पाण्यात शिरल्या, तेव्हा चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. छातीभर पाण्यात गेल्यावर स्टुलावरचे ते सुरेख हात सुरू झाले. आइन्स, त्स्वाय, द्राय. चांगल्या लांब गेल्या. मग थांबल्या. माझा एक पाय पाण्यात गेलाच होता. पण त्या बुडाल्या नाहीत. सावकाश कूस बदलावी तशा वळल्या आणि उताण्या झाल्या. हात पसरले. पायांची बोटं पाण्याबाहेर दिसत होती. आणि मग काहीच नाही. त्या थंडगार तळ्याच्या मध्यावर ल्युडेकेबाई पडून राहिल्या.

बाडेमाइस्टर खुर्चीतून उठून उभा राहिला. त्यानं शिट्टी तोंडाला लावली, आणि वाजवली नाही. ट्रूडेनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"ती हलत का नाही?" तिनं विचारलं.

"आराम करतायत," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

बराच वेळ झाला. बदक बाईंच्या जवळून गेलं आणि लांब निघून गेलं. ट्रूडे बहिणीकडे बघत होती, मग बघता बघता तिची मान वर, आकाशाकडे वळली, जणू तिथे काय आहे ते तिलाही पाहायचं होतं. तिनं माझा दंड सोडला. टॉवेल वाळूवर ठेवला, त्यावर हातमोजे ठेवले, आणि मागच्या खोलीविषयी नव्हे, त्सेलेविषयी नव्हे, तर अगदी हळू आवाजात, ह्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं:

"फ्राऊ आगाशे, तो डबा माझ्या मापाचा होईल का?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि सुतळीची गाठ सोडायला घेतली.